दुपारी तीनचं मशीन

१

बुधवारी सकाळी नऊ वाजता टपालबाईंनी देवघेव खोलीचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि सवयीनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीखाली शिलाई मशीन नव्हतं.

त्यांनी चष्मा पदराला पुसून पुन्हा पाहिलं. तरीही नव्हतं.

देवघेव खोली म्हणजे चार इमारतींच्या त्या वसाहतीतली, तळमजल्यावरची जुनी सायकलींची खोली. घरात नको झालेली वस्तू स्वच्छ पुसून इथं आणून ठेवायची, तिच्यात काय खोट आहे ते चिठ्ठीवर खरंखरं लिहायचं, आणि ज्याला हवी त्यानं ती न्यायची. ‘पंखा. फिरतो, पण कुरकुरतो.’ ‘खुर्ची. जड माणसानं बसू नये.’ ‘सहा कप, पाच कान.’ बुधवारी आणि शनिवारी सकाळी खोली उघडायची, आणि तिथं टपालबाई बसायच्या. टपालखात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, तीही पत्ता न लागणाऱ्या पत्रांच्या विभागात. ‘तळ्याकाठच्या मामांस’ एवढ्याच पत्त्यावरून त्यांनी एकदा मामा शोधून काढले होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्यांनी ही खोली मागून घेतली. माणसांना पत्रं पोचवायची सोडून आता वस्तू पोचवायच्या, एवढाच काय तो फरक.

आणि आज एक वस्तू त्यांच्या हातून हरवली होती.

मशीन पायाचं होतं. काळं, वजनदार, खाली पायानं दाबायचं लोखंडी जाळीचं पावटं, वर लाकडी फळी. तिसऱ्या इमारतीतल्या काकूंनी ते शनिवारी दिलं होतं. ‘शिलाई मशीन. बारा वर्षं बंद. बहुतेक चालेल,’ अशी चिठ्ठी होती. त्याच सकाळी इस्त्रीवालीनं त्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. ‘हे ठरलं आहे. कुणी नेऊ नये,’ अशी स्वतःची चिठ्ठी लावली तेव्हा कुठं ती गेली.

इस्त्रीवाली चौथ्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत लेकीसोबत राहायची. दिवसभर लाँड्रीत उभं राहून इस्त्री करायची आणि रात्री पाय बादलीत बुडवून बसायची. पलीकडच्या रस्त्यावरच्या पाळणाघरानं तिला तीस मुलांचे ॲप्रन शिवायचं काम देऊ केलं होतं. नीट झालं तर पडदे, गाद्यांचे अभ्रे, सगळंच तिच्याकडे येणार होतं. अट एकच, घरात मशीन हवं. पाळणाघराच्या बाई गुरुवारी संध्याकाळी कापड घेऊन येणार होत्या आणि मशीन डोळ्यांनी बघणार होत्या. बुधवार तिचा सुट्टीचा, म्हणून मशीन आजच वर न्यायचं ठरलं होतं.

ती आलीच. लाँड्रीतले दोन दांडगे गडी आणि एक जाडा दोर घेऊन. खोलीच्या दारात उभी राहून तिनं खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग टपालबाईंकडे.

“मावशी, हलवून ठेवलंत का?”

“नाही गं,” टपालबाई म्हणाल्या. “पण संध्याकाळपर्यंत पत्ता लावते.”

बोलून गेल्या खऱ्या. नेमक्या त्याच वेळी वसाहतीचे सचिव मागे येऊन उभे होते. ही खोली त्यांना कधीच पसंत नव्हती. जुन्या वस्तूंबरोबर झुरळं येतात, असं त्यांचं ठाम मत.

“चोरी झाली म्हणायची,” ते समाधानानं म्हणाले. “शुक्रवारच्या सभेत खोली बंद करायचा ठराव मांडतो. आता कुणाची हरकत असेल असं वाटत नाही.”

२

दोर घेऊन आलेले गडी हात हलवत परत गेले. इस्त्रीवालीही तो दोर गुंडाळत गेली, आणि ते टपालबाईंना जास्त लागलं.

दहा वाजेपर्यंत बातमी चारही इमारतींत फिरून आली. परत आली तेव्हा ती बरीच वाढलेली होती. कुणी म्हणालं, टपालबाईंनीच ते मशीन आतल्या आत ओळखीच्या माणसाला दिलं. कुणी म्हणालं, इस्त्रीवालीनंच ते आधी नेलं आणि आता दुसरं मिळावं म्हणून तोंड पाडून उभी आहे. टपालबाईंनी दोन्ही ऐकलं आणि कामाला लागल्या.

कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोनच. एक त्यांच्या कमरेला, दुसरी सचिवांच्या कचेरीतल्या खिळ्यावर. त्या थेट कचेरीत गेल्या.

“काल दिवसभर ही किल्ली इथंच होती?”

“कचेरीत मी असताना किल्ली कुठं जाणार?” सचिव म्हणाले. “आणि मी असतोच.”

“दुपारीसुद्धा?”

सचिवांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. “दुपारी माणूस जेवतो. जेवल्यावर डोळा लागतो. माणूसच आहे मी.”

म्हणजे दोन ते चार किल्ली कुणीही न्यावी आणि परत आणून लावावी. टपालबाई उठल्या, तेव्हा त्यांची नजर सचिवांच्या खुर्चीमागे गेली. फायलींनी गच्च भरलेली एक कापडी पिशवी तिथं लटकत होती, आणि ती देवघेव खोलीतलीच होती, यात शंका नव्हती. जुन्या पडद्याची, निळ्या दोऱ्यानं शिवलेली, आतल्या बाजूला ठळक छापील अक्षरांत लिहिलेली पट्टी: ‘क्षमता: दहा किलो. जास्त भरू नये.’

वर्षभर असल्या पिशव्या खोलीत येत होत्या. दर बुधवारी सकाळी सहा पिशव्या दाराच्या कडीला अडकवलेल्या असायच्या. देणाऱ्याचा पत्ता नाही. हस्ताक्षर ओळखण्यात आयुष्य गेलेल्या टपालबाईंनाही तो लागला नव्हता, कारण छापील अक्षराला वळण नसतं. पिशव्या मात्र तासाभरात संपायच्या.

“पिशवी चांगली आहे,” टपालबाई म्हणाल्या.

“झुरळं नाहीत तिच्यात,” सचिव म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

कचेरीतून बाहेर पडताना टपालबाईंच्या लक्षात आलं की आज बुधवार, आणि आज दाराच्या कडीला एकही पिशवी नव्हती. त्यांनी ते मनात नोंदवलं आणि गेटवर गेल्या.

गेटवरचे दादा जागा सोडत नसत. त्यांच्या खुर्चीतून गेटही दिसायचं आणि खोलीचं दारही. दार कोण उघडतं याच्याशी त्यांना घेणंदेणं नसे. तिथून काय बाहेर निघतं ते मात्र त्यांच्या डोळ्यांतून सुटत नसे.

“मशीन गेलं असतं तर मला दिसलं असतं,” ते म्हणाले. “ते काय खिशात घालून न्यायची वस्तू आहे? दोन माणसं लागतात.”

“मग काल दुपारी काय काय गेलं?”

दादांनी डोळे मिटून सांगितलं. “पाववाल्याचे रिकामे क्रेट बाहेर गेले. संगीतवाल्या बाईंची पेटी रिक्षातून आली. कोपऱ्यावरचा शिंपी मापं घ्यायला पहिल्या इमारतीत गेला, टेप गळ्यात, हात रिकामे. तुमच्या खोलीकडे इस्त्रीवाली एकदा जाऊन आली, तीही रिकाम्या हातांनी. आणि कप्तान एक जुनी सुटकेस घेऊन खोलीकडे गेले, तीच घेऊन परत आले. म्हटलं, द्यायचं मन झालं नसेल. होतं असं माणसाचं.”

“बस?”

“बस. मोठं असं काहीच नाही.”

टपालबाई गेटवरच थांबल्या. दोन माणसं लागणारी वस्तू. बाहेर जाताना कुणी पाहिली नाही. खिडकीला गज. मग ती गेली कशी?

गेलीच नसेल तर?

त्या वळल्या आणि वयाला न शोभणाऱ्या वेगानं खोलीकडे निघाल्या.

३

खोलीच्या मागच्या कोपऱ्यात एक टेबल होतं. त्यावर जमिनीपर्यंत लोळणारा फुलाफुलांचा पडदा टाकलेला, वर एक दिवा आणि तीन रिकाम्या कुंड्या. सकाळी टपालबाईंनी त्याच्याकडे दोनदा पाहिलं होतं आणि दोनदा नजर पुढे नेली होती. असलं टेबल कुणी दिल्याचं आता त्यांना काही केल्या आठवेना.

त्यांनी कुंड्या उतरवल्या, दिवा उतरवला, पडदा ओढला.

खाली लोखंडी जाळीचं पावटं होतं. चाक होतं. फळी होती. फळीत मधोमध चौकोनी खळगा, आणि खळग्यात काही नव्हतं. मशीनचं काळं मुंडकं तेवढं कुणीतरी काढून नेलं होतं.

टपालबाई गुडघ्यावर बसल्या. पार्सलांच्या गाठी सोडवून सोडवून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, की घाईतला माणूस गाठ कापतो आणि वस्तूवर जीव असलेला माणूस ती सोडवतो. इथं सगळं सोडवलेलं होतं. बिजागऱ्यांचे दोन स्क्रू काढून ड्रॉवरमध्ये कागदात गुंडाळून ठेवलेले. चामड्याचा पट्टा न कापता उतरवून चाकाला नीट अडकवलेला. फळीवर तेलाचा एक ताजा थेंब. इस्त्रीवालीची चिठ्ठीसुद्धा फेकलेली नव्हती, ती घडी घालून स्क्रूंशेजारी ठेवली होती.

ड्रॉवरमध्ये एक बॉबिनही होती, निळ्या दोऱ्याची. टपालबाईंनी दोरा दोन बोटांत धरून ओढला. तुटला नाही. पुन्हा जोर लावून ओढला, तर बोटाला वळ उठला.

तो निळा दोरा घेऊन त्या तिसऱ्या इमारतीत काकूंकडे गेल्या.

काकू बाहेर जायच्या तयारीत होत्या. नातवाला सांभाळायला त्या रोज दुपारी दोन ते पाच लेकीकडे जायच्या. आज तिकडे काहीतरी होतं म्हणून लवकर निघाल्या होत्या. बोलणं तडक, कामाचं.

“मशीन? अहो, बारा वर्षं त्याला हात लावला नाही. कोपरा अडवून बसलं होतं. शनिवारी सकाळी मनात आलं, दोन माणसं बोलावली, दिलं.”

“कप्तानांना विचारलंत?”

कप्तान म्हणजे काकूंचे यजमान. चौतीस वर्षं शहरबस चालवून निवृत्त झालेले. अजूनही वर्तमानपत्र दोन्ही हातांनी, स्टिअरिंग धरावं तसं धरायचे, म्हणून वसाहतीनं त्यांना कप्तान करून टाकलं होतं.

“त्यांना काय विचारायचं?” काकू म्हणाल्या, आणि चप्पल घालता घालता थांबल्या. “लग्नानंतर मला शिवणाचा वर्ग काढायचा होता. दहा बायका यायला तयार होत्या. हे म्हणाले, घराचं दुकान करायचं नाही. बरं म्हटलं. मग काय, घरातलं फाटकं-तुटकं शिवत राहिले, पुढे तेही बंद केलं. मशीनशी त्यांचा संबंध तेवढाच.” त्यांनी दुसरी चप्पल घातली. “का हो, गेलं का ते? जाऊ दे. माझ्या लेखी ते कधीच गेलं होतं.”

त्या जिना उतरून गेल्या. टपालबाई जिन्यातच उभ्या राहिल्या. दोरा बारा वर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिला, तर बोटानं ओढल्यावर त्याची राख व्हायला हवी. हा तर नवाकोरा होता.

काकू खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलणारी बाई चप्पल घालता घालता थांबत नाही. म्हणजे त्यांच्या घरातलं मशीन त्यांना न कळता कुणीतरी चालवत होतं.

४

इस्त्रीवाली गच्चीवर कपडे वाळत घालत होती. काल दुपारी खोलीकडे का गेली होतीस, असं टपालबाईंनी विचारल्यावर तिनं चिमटे तोंडातून काढले.

“वाटलंच होतं, माझ्यावर येणार. माप घ्यायला गेले होते, मावशी. जिन्याच्या वळणावर मशीन बसतं का बघायचं होतं. खोली बंद असते माहीत आहे, पण खिडकीतून अंदाज घेता आला असता.”

“घेतलास?”

“नाही. आत मशीन चालू होतं.”

टपालबाईंनी पायरीवर बसून घेतलं. “नीट सांग.”

“तीन वाजले असतील. आतून खटखट येत होती. म्हटलं, तुम्ही कारागीर बोलावलात. खिडकी उंच, टाचा उंचावून पाहिलं, पण चेहरा दिसला नाही, पाठ आणि पाय तेवढे दिसले. वाकून बसला होता, गुडघे पार फळीला टेकलेले. उंच असणार. पण मावशी, चालवत झकास होता. शिकाऊ माणसाचं पावटं अडखळतं. याचं एकसारखं चाललं होतं. मला इतकं बरं वाटलं ऐकून. म्हटलं, चालतंय माझं मशीन.” तिनं एक ओला टॉवेल झटकला. “म्हणून हाकसुद्धा मारली नाही. त्याचं काम मोडेल म्हणून.”

ज्याला मशीन एवढं झकास चालवता येतं असा पुरुष वसाहतीला एकच माहीत होता. कोपऱ्यावरचा शिंपी. काल दुपारी तो आवारात होता. आणि इस्त्रीवालीनं शिवायला सुरुवात केली तर पाळणाघराचं काम त्याच्या दुकानातून जाणार होतं. कारणही होतं, संधीही होती. टपालबाईंनी एक कापडी पिशवी आणि ती बॉबिन घेतली आणि दुकानात गेल्या.

शिंपी दारात येऊन उभा राहिला. टपालबाईंच्या खांद्याला लागेल एवढा. बसल्यावर याचे गुडघे फळीला टेकायचे तर पायांखाली पाट घालावा लागला असता. तरीही त्यांनी विचारलं.

“बाई, माझ्याकडे विजेची तीन मशिनं आहेत,” शिंपी जराही न रागावता म्हणाला. “पायाचं चालवायला आता माझे गुडघे तयार नाहीत. आणि पाळणाघराचे ॲप्रन मी आपण होऊन नाकारलेत. तीस मुलं एक मिनिट उभी राहत नाहीत, मापं कुठून घ्यायची?”

“मग हे बघून सांगा,” टपालबाईंनी पिशवी आणि बॉबिन पुढे केली.

शिंप्यानं आधी दोऱ्याला दोरा जुळवून पाहिला. “एकच रीळ.” मग पिशवी उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“हा शिंपी नव्हे. शिंपी कोपऱ्यावर झपकन वळतो, त्याला घाई असते. हा प्रत्येक कोपऱ्याच्या आधी सावकाश झालाय. थांबलाय. दोन टाके मागे आलाय, मग वळलाय. चारही कोपऱ्यांना, न चुकता. आणि बंद बघा, चार चार वेळा शिवलाय. एवढी काळजी कापडाची कुणी करत नाही. आतली माणसं पडतील अशी भीती असल्यासारखं शिवलंय.”

टपालबाईंनी पिशवी हातात घेतली. आतली पट्टी वाचली. क्षमता: दहा किलो. जास्त भरू नये. हे वाक्य वर्षभर त्या वाचत होत्या, आणि दुसरीकडे कुठं वाचलंय ते आता, या दुकानात, त्यांना लख्ख आठवलं. दाराच्या वर. ड्रायव्हरच्या मागे.

५

तिसऱ्या इमारतीच्या मागे कप्तानांची मोटार उभी असायची. पाच वर्षांत ती चालली नव्हती. कप्तान अधूनमधून तिचं ताडपत्रीचं आच्छादन अर्धं वर करून चालकाच्या जागेवर बसायचे, काचा खाली करून वर्तमानपत्र वाचायचे. कुणाला त्याचं काही वाटत नसे.

आजही ते बसले होते. टपालबाई खिडकीशी गेल्या.

“मागे कोण बसलंय, कप्तान?”

कप्तानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. टपालबाईंनी आच्छादन आणखी वर सरकवलं आणि मागच्या काचेतून पाहिलं. मागच्या बाकावर, मऊ उशीवर, शिलाई मशीनचं काळं मुंडकं बसलेलं होतं. त्याच्याभोवती सुरक्षा-पट्टा नीट आवळून लावलेला होता.

मग कप्तानांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“कसं ओळखलंत?”

टपालबाईंनी पलीकडचं दार उघडलं आणि शेजारच्या जागेवर बसल्या. “मशीन चालवणारा तुमच्याच घरातला हवा, कारण दोरा नवा होता आणि काकूंना पत्ता नव्हता. घरात माणसं दोन. काकू दोन ते पाच बाहेर असतात. पिशव्या शिवणारा आणि मशीन चालवणारा एकच, कारण दोरा एकच, आणि मशीन गेल्याबरोबर पिशव्या थांबल्या. उंच माणूस. सचिव झोपतात ती वेळ माहीत असलेला. द्यायला आणलेली सुटकेस भरून परत नेणारा. आणि कोपऱ्यावर थांबून, मागे येऊन वळणारा.”

“वळणावर घाई करू नये,” कप्तान हळूच म्हणाले. “चौतीस वर्षांत एक अपघात नाही माझा.”

मग ते सांगायला लागले आणि थांबेनात.

“निवृत्त झालो तर पाय स्वस्थ बसेनात. झोपेत क्लच दाबायचे. एके दुपारी घरात कुणी नव्हतं, मशीनवर बसलो. सहज पाय ठेवला आणि चाक फिरलं. काय सांगू तुम्हाला, चाक फिरलं की माणसाला बरं वाटतं. पडदे फाडले, पिशव्या केल्या. पहिल्या वीस वाकड्या आल्या, त्या जाळल्या. पुढे जमलं. ती यायच्या आत सगळं आवरून ठेवायचो.”

“सांगायचंत त्यांना.”

“कुठल्या तोंडानं?” कप्तान समोरच्या काचेतून बघत म्हणाले. “तिचा वर्ग मी बंद पाडला. दुकान करायचं नाही म्हटलं. आणि त्याच मशीनवर मी पिशव्या शिवतो, हे सांगू तिला? शनिवारी मशीन गेलं तेव्हा मी बघत उभा राहिलो. बोलायला जागाच नव्हती माझी. काल फक्त तेल घालायला गेलो होतो. जातंय तर नीट जाऊ दे म्हणून. कुणी विचारलंच तर हातात सुटकेस. कापलेल्या दोन पिशव्या खिशात होत्या, त्या शिवल्या. मग उठवेना. मुंडकं काढून घेतलं, म्हटलं आठवडाभर तरी राहू दे. सांगाडा उघडा बघवेना म्हणून तो कोपऱ्यात ढकलला आणि त्यावर पडदा टाकला.”

“चिठ्ठी वाचलीत?”

“वाचली. कोण ते माहीत नव्हतं.”

टपालबाईंनी सांगितलं. लाँड्री, पाय बुडवायची बादली, तीस ॲप्रन, उद्याची संध्याकाळ. दोर घेऊन आलेले दोन गडी. कप्तान ऐकत गेले आणि त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होत गेले.

“मी कुणाला काही सांगणार नाही,” टपालबाई शेवटी म्हणाल्या. “मशीन जागेवर सापडलं एवढंच सांगेन. पण काकूंना तुम्ही सांगा. आजच.”

कप्तान उतरले, मागचं दार उघडलं, आणि पट्टा सोडायला जरा वेळ घेतला.

६

चार वाजता मशीन गच्चीवरच्या खोलीत पोचलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कप्तान “सावकाश, मागे घ्या, आता वळा” असं परत बोलावलेल्या गड्यांना सांगत होते आणि गडी निमूट ऐकत होते. वर गेल्यावर त्यांनी स्क्रू बसवले, पट्टा चढवला, तेलाचा थेंब टाकला. इस्त्रीवाली बसली. चाक फिरलं. तिनं एक सरळ शिवण घातली, कापड उचलून उजेडात धरलं आणि नुसतंच बघत राहिली. लेक तिच्या खांद्यावरून डोकावत होती.

मशीन कुठं होतं, असं तिनं विचारलं नाही. पाठमोऱ्या कप्तानांकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, “काका, चहा घेऊन जा.”

पाळणाघराच्या बाई गुरुवारी आल्या, मशीन बघितलं, कापड ठेवून गेल्या. पण मुदत आठवड्याचीच दिली. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाच ॲप्रन झाले होते आणि इस्त्रीवाली लाँड्रीतून येऊन बसली की तिला बसल्या जागी डुलकी लागत होती. टपालबाई धागे कापायला गेल्या होत्या. कप्तानही मदतीला आले होते आणि काठ दुमडून शिवत होते.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. काकू आल्या होत्या.

बुधवारी रात्री कप्तानांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यानंतर दोन दिवस काकू त्यांच्याशी कामापुरतंही बोलल्या नव्हत्या. आता त्या दारात उभ्या राहिल्या. नवऱ्याला मशीनवर बसलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. कप्तानांचा पाय थांबला.

काकूंनी ढिगातला एक ॲप्रन उचलला, शिवण उलटी करून पाहिली, नखानं खरवडली.

“खालचा दोरा सैल आहे,” त्या म्हणाल्या. “वर्षभर असंच शिवत होतात?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायला विचारावं लागतं. उठा.”

कप्तान उठले. काकू बसल्या. बॉबिनची डबी काढून स्क्रू केसभर फिरवला, दोरा ओवला, आणि बारा वर्षं जणू मधे गेलीच नाहीत अशा पायानं मशीन सुरू केलं. अर्ध्या मिनिटात एक पूर्ण काठ. इस्त्रीवालीची झोप उडाली.

“काकू, मला शिकवाल असं?” तिनं विचारलं.

काकूंचा पाय क्षणभर हळू झाला. “तू बस इथं शेजारी. आणि आणखी कुणाला यायचं असेल तर त्यांनाही सांग.” मग मागे न बघता त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, उभे काय राहिलात? टोक धरा हे. ओढू नका, नुसतं धरा.”

कप्तानांनी टोक धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण खोलीत तिघी बायका असल्यानं त्यांनी ते खिडकीबाहेर वळवले.

तीस ॲप्रन वेळेत गेले. शुक्रवारच्या सभेत ठराव मांडायला सचिव उभे राहिले होते, तेव्हा मशीन सापडल्याचं त्यांनीच घाईघाईनं सांगून टाकलं आणि पुढच्या विषयावर गेले. ठरावाचा कागद काही त्यांना पिशवीत सापडला नाही.

पुढच्या बुधवारी टपालबाई खोलीत बसल्या होत्या. काकू आल्या, लोक आपल्याला काय हवं ते जिथं लावत त्या भिंतीवरच्या ‘हवे आहे’च्या फळीवर एक चिठ्ठी टोचली आणि लेकीकडे जायची घाई आहे असं सांगून निघूनही गेल्या. टपालबाई उठून फळीपाशी गेल्या. अक्षर तिरपं, जोरकस, पेन दाबून लिहिलेलं.

‘हवे आहे: शिलाई मशीन, चालू स्थितीत. घरात वापरणारी’ एवढं लिहून शेवटचा शब्द काकूंनी खोडला होता. खोडलेल्या शब्दाच्या वर, त्याच पेनानं पण जरा सावकाश, लिहिलं होतं: ‘वापरणारे दोघे.’

टपालबाईंनी ती चिठ्ठी काढून फळीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी लावली.